पांढऱ्या खुणांची वाट

(डोंगरातून जाणारी एक लांबच लांब पायवाट कशी तयार झाली, तिची देखभाल कोण करते आणि तिच्यावरून सुखरूप चालायचे तर कोणती काळजी घ्यावी लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

रस्ता म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? डांबर, मोटारी, दुकाने, दिव्यांचे खांब. पण अमेरिकेत एक रस्ता असा आहे, की तो केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे. त्याची रुंदी बऱ्याच ठिकाणी हातभरच आहे. लांबी मात्र सुमारे ३५०० किलोमीटर आहे. मुंबईहून पायी दिल्लीला जावे, परत मुंबईला यावे आणि पुन्हा निम्म्या वाटेपर्यंत जावे, इतके हे अंतर झाले! या वाटेचे नाव आहे ‘अ‍ॅपलेशियन ट्रेल’. ‘ट्रेल’ म्हणजे पायवाट.

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलेशियन नावाची डोंगररांग आहे. आपला सह्याद्री जसा उत्तर-दक्षिण पसरला आहे, तशीच ही रांगही दक्षिणेकडून ईशान्येकडे पसरली आहे. जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतावर ही वाट सुरू होते. चौदा राज्ये ओलांडून ती मेन राज्यातील कटाडिन पर्वताच्या माथ्यावर संपते. वाटेत घनदाट जंगले आहेत, नद्या आहेत, उघडे कडे आहेत आणि लहान लहान गावेही आहेत. वाटेवरील सर्वांत उंच ठिकाण सुमारे २०२५ मीटर उंचीचे आहे. त्याला पूर्वी ‘क्लिंगमन्स डोम’ म्हणत. २०२४ साली तेथील मूळ रहिवासी असलेल्या चेरोकी लोकांच्या भाषेतील ‘कुवोही’ हे जुने नाव त्याला पुन्हा देण्यात आले.

ही वाट कोणा राजाने बांधली नाही. ती व्यापारासाठी किंवा लढाईसाठीही तयार झाली नाही. मग ती कशी झाली?

१९२१ साली बेंटन मॅकाय नावाच्या एका वनतज्ज्ञाने एक लेख लिहिला. शहरात दिवसरात्र कष्ट करणाऱ्या माणसांना मोकळी हवा मिळावी, थोडी विश्रांती मिळावी, म्हणून डोंगरमाथ्यांवरून एक लांब पायवाट काढावी, अशी कल्पना त्याने त्या लेखात मांडली. लोकांना ती आवडली. १९२३ साली न्यूयॉर्क राज्यात वाटेचा पहिला भाग तयार झाला. १९२५ साली या कामासाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे मायरन एव्हरी या वकिलाने हे काम हाती घेतले. तो मोठा जिद्दी माणूस होता. सायकलचे चाक हाताने ढकलत तो डोंगरातून चालायचा. चाकाचे फेरे मोजून वाटेची लांबी काढायचा. शेकडो स्वयंसेवकांनी झुडपे तोडली, दगड हलवले, खुणा रंगवल्या. अखेर १९३७ साली ही वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडली गेली.

पण वाट तयार झाली म्हणजे काम संपले असे नाही. १९३८ साली मोठे वादळ झाले आणि उत्तरेकडील वाटेवर असंख्य झाडे आडवी पडली. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. देखभाल करणारी माणसे युद्धावर गेली आणि वाटेचे काही भाग झुडपांत दिसेनासे झाले. एवढी लांब वाट कोणी एका दमात चालून जाईल, असे तेव्हा फारसे कोणाला वाटत नव्हते. १९४८ साली अर्ल शेफर हा तरुण ती चार महिन्यांत चालून गेला. तो युद्धातून परत आलेला सैनिक होता. युद्धात त्याने आपला जिवलग मित्र गमावला होता. मनावरचे ते ओझे हलके व्हावे म्हणून तो चालायला निघाला होता. पुढे १९९८ साली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, तो पुन्हा एकदा ही सगळी वाट चालला!

आणखी एक अडचण होती. ही वाट अनेक ठिकाणी खाजगी जमिनीतून जात होती. जमिनीचा मालक बदलला की नवा मालक वाट बंद करी. मग चालणाऱ्यांना मोटारींच्या रस्त्यावरून जावे लागे. म्हणून १९६८ साली अमेरिकेच्या सरकारने एक कायदा केला आणि या वाटेला राष्ट्रीय वाटेचा दर्जा दिला. नंतर वाटेच्या दोन्ही बाजूंची जमीन हळूहळू विकत घेण्यात आली. आज जवळजवळ सगळी वाट सार्वजनिक जमिनीतून जाते. सरकारचा उद्यान विभाग, वनविभाग, राज्य सरकारे आणि ती जुनी संस्था मिळून तिचा कारभार पाहतात.

प्रत्यक्ष मेहनत मात्र आजही मुख्यतः स्वयंसेवकच करतात. सुमारे तीस मंडळांनी ही वाट आपापसांत वाटून घेतली आहे. प्रत्येक मंडळाकडे वाटेचा एक तुकडा असतो. त्या तुकड्याची जबाबदारी त्या मंडळाची. शिक्षक, कारकून, विद्यार्थी, निवृत्त माणसे सुट्टीच्या दिवशी कुदळ, फावडे आणि करवत घेऊन डोंगरात जातात. या कामाचे त्यांना पैसे मिळत नाहीत.

तुम्ही विचाराल, पायवाटेची एवढी काय दुरुस्ती करायची? पायवाटेचा सर्वांत मोठा शत्रू आहे पाणी. हजारो पावलांनी माती दबते आणि वाटेचा जणू लहानसा नाला तयार होतो. पाऊस पडला की पाणी त्या नाल्यातून धावू लागते. ते माती वाहून नेते, दगड उघडे पाडते. मग लोक खड्डा चुकवण्यासाठी बाजूच्या गवतावरून चालतात. गवत मरते, वाट रुंद होते आणि आणखी माती वाहून जाते. हे थांबवण्यासाठी स्वयंसेवक वाटेवर तिरपे लाकूड किंवा दगडांची रांग पुरतात. वरून येणारे पाणी तिला अडते आणि वाट सोडून बाजूला निघून जाते. फार उभा चढ असेल तर वाट सरळ न नेता नागमोडी नेतात, किंवा दगडी पायऱ्या करतात. दलदल असेल तेथे फळ्या टाकतात. म्हणूनच नागमोडी वाटेवर मधूनच उतरून ‘जवळचा रस्ता’ काढणे हा तेथे मोठा दोष समजतात. एकाने घाई केली की दुसरा त्याच्या मागे जातो आणि पुढच्या पावसात पाणीही त्याच मार्गाने धावते.

आता या वाटेवरच्या खुणांविषयी. दिशा कळावी म्हणून झाडांच्या खोडांवर, दगडांवर आणि खांबांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे रंगवलेले आहेत. प्रत्येक पट्टा दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असतो. साऱ्या वाटेवर अशा सुमारे १,६५,००० खुणा आहेत. एक पट्टा म्हणजे ‘सरळ चला’. एकावर एक असे दोन पट्टे दिसले तर समजावे, की पुढे वळण आहे, लक्ष द्या. निळा पट्टा वेगळी वाट दाखवतो. ती पाण्याकडे, निवाऱ्याकडे किंवा एखाद्या सुंदर जागेकडे जाते. उंच माथ्यावर जेथे झाडेच नसतात, तेथे दगड रचून ढीग केलेले असतात. धुके पडले तरी एका ढिगापासून दुसरा ढीग शोधत माणूस पुढे जातो. आपल्याकडेही सह्याद्रीतील गडांच्या वाटांवर दगडांवर रंगवलेले बाण दिसतात. त्यांचे काम हेच आहे.

वाटेवर अडीचशेहून अधिक निवारे आहेत. निवारा म्हणजे तीन बाजूंना भिंती, वर छप्पर आणि चौथी बाजू उघडी. तेथे ना दार, ना दिवा. जो आधी येईल त्याने जागा घ्यावी आणि मागून येणाऱ्यासाठी सरकून बसावे, अशी रीत आहे. प्रत्येक निवाऱ्यात बहुधा एक वही ठेवलेली असते. आपण कधी आलो, पुढे कोठे जाणार, हे मुक्काम करणारे त्या वहीत लिहितात. कोणी हरवला तर शोधणाऱ्यांना या वहीची मोठी मदत होते.

ही वाट पूर्ण चालायला पाच ते सात महिने लागतात. दरवर्षी हजारो लोक ती पूर्ण करण्यासाठी निघतात. त्यांपैकी साधारण चौथा भागच शेवटपर्यंत पोहोचतो. बाकीचे दुखापत, आजारपण, थकवा किंवा पैशांची अडचण यांमुळे मधूनच परततात. पण जे पोहोचले, ते सगळे धट्टेकट्टे तरुण होते असे मुळीच नाही. एमा गेटवुड या आजीबाईंची गोष्ट पाहा. त्या अकरा मुलांच्या आई होत्या. १९५४ साली त्या उत्तरेकडून चालायला निघाल्या. थोड्याच दिवसांत त्या वाट चुकल्या. त्यांचा चश्मा फुटला. वनरक्षकांनी त्यांना घरी जायला सांगितले. त्या घरी गेल्या, पण खचल्या नाहीत. पुढच्या वर्षी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या दक्षिणेकडून पुन्हा निघाल्या. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा! एवढ्या सामानावर त्या सारी वाट एकट्या चालल्या. असा पराक्रम करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

१९९० साली बिल अर्विन या अंध माणसाने ही वाट पूर्ण केली. त्याच्या सोबत होता ‘ओरिएंट’ नावाचा त्याचा वाटाड्या कुत्रा. वाटेत बिल असंख्य वेळा पडला आणि प्रत्येक वेळी उठला. आठ महिन्यांहून अधिक काळ चालून ती जोडी कटाडिन पर्वताजवळच्या आपल्या शेवटच्या मुक्कामाला पोहोचली.

या गोष्टी ऐकल्या की आपल्यालाही उत्साह येतो. पण डोंगर केवळ उत्साह पाहत नाही. तो आपली तयारी पाहतो. म्हणून काही नियम समजून घेतले पाहिजेत.

पहिला नियम थंडीचा. थंडीने माणूस केवळ बर्फातच मरतो असे नाही. कपडे भिजले आणि वारा सुटला, की शरीराची उष्णता झपाट्याने कमी होते. मग हातपाय थरथरतात, बोलणे अडखळते आणि विचार करण्याची शक्तीही जाते. ही वाट वॉशिंग्टन पर्वताच्या माथ्यावरून जाते. तेथे १९३४ साली ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला होता. तेथे उन्हाळ्यातही हवा एकाएकी बदलते. सुती कपडे भिजले की लवकर वाळत नाहीत. म्हणून चालणारे लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे घालतात आणि एक कोरडा जोड पिशवीत सांभाळून ठेवतात. हवा बिघडली तर माथ्यावर जाण्याचा हट्ट न धरता मागे फिरतात. माथा कोठे पळून जात नाही.

दुसरा नियम पाण्याचा. झऱ्याचे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले तरी त्यात रोगजंतू असू शकतात. ते उकळून, गाळणयंत्रातून गाळून किंवा औषध टाकून मगच प्यावे. शौचाला पाण्यापासून आणि वाटेपासून निदान सत्तर पावले दूर जावे, वीतभर खोल खड्डा करावा आणि नंतर तो मातीने बुजवावा. एकाने आळस केला तर खाली राहणारे कितीतरी लोक आजारी पडतात.

तिसरा नियम प्राण्यांचा. या जंगलात काळी अस्वले आहेत. ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. पण अन्नाचा वास त्यांना दुरून येतो. म्हणून अन्न तंबूत ठेवत नाहीत. ते अस्वलाला उघडता न येणाऱ्या मजबूत डब्यात ठेवतात किंवा उंच फांदीवरून टांगतात. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा येते आणि शेवटी त्याला मारावे लागते. म्हणजे आपल्या निष्काळजीपणाची शिक्षा त्या मुक्या प्राण्याला मिळते. अस्वलापेक्षा लहान पण अधिक त्रासदायक प्राणी म्हणजे गोचीड. तिच्या चाव्याने ‘लाइम’ नावाचा आजार होऊ शकतो. म्हणून संध्याकाळी अंग आणि कपडे नीट तपासतात.

चौथा नियम नद्यांचा. मेन राज्यात केनेबेक नावाची नदी आडवी येते. तिच्या वरच्या बाजूला धरण आहे. धरणाचे पाणी सोडले की शांत दिसणारी नदी पाहता पाहता भरते. १९८५ साली ही नदी चालत ओलांडताना एका महिलेचा बुडून मृत्यू झाला. त्यानंतर १९८७ पासून तेथे चालणाऱ्यांसाठी मोफत होडी ठेवण्यात आली. या होडीच्या तळावर पांढरा पट्टा रंगवला आहे. म्हणजे होडी हीच तेथली वाट! नदी पायी ओलांडली म्हणजे शूरपणा, असे मग कोणाला वाटू नये, हाच त्या खुणेचा अर्थ.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा. वाट चुकली तर काय करावे? २०१३ सालची एक घटना मन हेलावून टाकते. ६६ वर्षांची एक महिला या वाटेवर चालत होती. तिने शेकडो किलोमीटर अंतर आधीच कापले होते. मेन राज्यात ती शौचासाठी वाट सोडून थोडी आत गेली आणि परत येताना तिला वाट सापडेना. तिने मोबाइल फोनवरून पतीला संदेश पाठवले. पण त्या जंगलात फोन लागत नव्हता. संदेश गेलेच नाहीत. सिग्नल मिळेल या आशेने ती उंच भागाकडे गेली. शेकडो माणसांनी तिचा शोध घेतला, पण ती सापडली नाही. ती तीन आठवड्यांहून अधिक काळ जिवंत होती, हे तिच्या वहीवरून पुढे कळले. २०१५ साली तिचा तंबू सापडला. तो वाटेपासून तीन किलोमीटरपेक्षाही कमी अंतरावर होता.

या घटनेतून त्या महिलेला दोष देणे योग्य नाही. कोणाच्याही हातून असे होऊ शकते. पण त्यातून शिकणे हे आपले कर्तव्य आहे. वाट सोडून दहा पावले जायचे असले, तरी मागे वळून पाहावे आणि खूण नजरेआड होऊ देऊ नये. बराच वेळ खूण दिसली नाही, तर पुढे न जाता शेवटच्या खुणेपर्यंत मागे यावे. वाट हरवलीच, तर आधी थांबावे, बसावे, पाणी प्यावे. घाबरून धावत सुटणारा माणूस वाटेपासून आणखी दूर जातो. जवळ शिटी असावी. थांबून थांबून तीन वेळा शिटी वाजवणे हा मदत मागण्याचा इशारा आहे. ओरडून घसा बसतो, पण शिटी वाजवता येते. शक्यतो मोकळ्या जागी राहावे आणि रंगीत कापड पसरावे, म्हणजे ते वरून दिसते. केवळ फोनवर विसंबू नये. कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवावे आणि ते वापरण्याचा सराव घरीच करावा. आणि निघण्यापूर्वी आपण कोठे जाणार, कधी परतणार, हे घरी सांगून जावे. हा नियम अगदी साधा आहे. पण शोध कधी आणि कोठे सुरू करायचा, हे त्यावरूनच ठरते.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलेन’ नावाच्या चक्रीवादळाने या वाटेच्या दक्षिण भागाचे फार मोठे नुकसान केले. पूल वाहून गेले, हजारो झाडे कोसळली, आसपासच्या गावांतील लोकांची घरे गेली. वाटेचा मोठा भाग बंद ठेवावा लागला. मग काय झाले? १९३८ साली झाले तेच. माणसे पुन्हा करवती घेऊन डोंगरात गेली. एक एक झाड बाजूला करत त्यांनी वाट मोकळी करायला सुरुवात केली.

मित्रांनो, वाट ही एकदा बांधून संपणारी वस्तू नाही. ती रोज सांभाळावी लागते. पुढच्या वेळी तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर एखाद्या गडावर जाल. तेव्हा खडकावर रंगवलेला बाण दिसला, तर क्षणभर थांबा. आपण चुकू नये म्हणून कोणी अनोळखी माणूस रंगाचा डबा घेऊन हा चढ चढला होता, हे आठवा. त्याला आपले नाव माहीत नव्हते आणि आपल्याला त्याचे नाव माहीत नाही. निदान आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणणे, एवढे तर आपल्याला नक्कीच जमेल!

शब्दार्थ

स्वयंसेवक – मोबदला न घेता काम करणारा
निवारा – आसऱ्याची जागा
नागमोडी – वळणे घेत जाणारी
दलदल – चिखलाची, पाय रुतणारी जमीन
वाटाड्या – वाट दाखवणारा
होकायंत्र – दिशा दाखवणारे यंत्र
खचणे – धीर सोडणे
विसंबणे – अवलंबून राहणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अ‍ॅपलेशियन ट्रेल कोठे सुरू होते व कोठे संपते?
(आ) वाटेची लांबी मोजण्यासाठी मायरन एव्हरी काय वापरत असे?
(इ) एकावर एक दोन पांढरे पट्टे दिसले तर काय समजावे?
(ई) निवाऱ्यातील वहीचा उपयोग काय?

२. कारणे लिहा.
(अ) पायवाटेवर तिरपे लाकूड पुरतात, कारण...
(आ) अन्न तंबूत ठेवत नाहीत, कारण...
(इ) केनेबेक नदी होडीतूनच ओलांडावी, कारण...

३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) एमा गेटवुड यांच्या कोणत्या गुणाचे तुम्हांला कौतुक वाटते? का?
(आ) जंगलात वाट चुकली तर तुम्ही काय कराल?

४. पाठात आलेले पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
नकाशा, सामान, मदत, जमीन, मालक, इशारा

५. ‘कायदा’ आणि ‘मुक्काम’ या शब्दांचे मराठीतील अर्थ आणि उर्दूतील अर्थ यांत काय फरक आहे, ते शिक्षकांच्या मदतीने शोधा.

उपक्रम : तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा. नवीन माणूस चुकू नये म्हणून तुम्ही कोठे कोठे खुणा कराल, ते त्या नकाशात दाखवा.